जिवंत भुकटी, पण कोणाच्या घरासाठी?

प्रोबायोटिक पदार्थ विकत घेणारा चौकस ग्राहक दोन प्रश्न विचारतो. जिवाणू जिवंत आहेत का? आणि किती कोटी आहेत? विक्रेत्यालाही हे प्रश्न सोयीचे असतात. दोन्हींची उत्तरे तो डब्याच्या दर्शनी भागावर ठळक छापून ठेवतो. ही चौकशी वैज्ञानिक वाटते आणि दही किंवा ताकापुरती ती बरीचशी चालूनही जाते. दूध पावडरीला मात्र ती लावली की उथळ ठरते. पावडर करायची ती दूध लांब न्यावे आणि पुष्कळ दिवस ठेवावे म्हणून. अशा वस्तूत बनल्या दिवशी काय होते, याला फारसा अर्थ नाही.

माझे म्हणणे असे आहे. जिवंत जिवाणू असलेली दूध पावडर तयार करण्याचा कारखान्यातला प्रश्न बव्हंशी सुटलेला आहे. न सुटलेला प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेर, उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत आणि टँकरच्या पाण्याच्या पिंपाशी सुरू होतो. ज्याच्या घरी फ्रिज आहे त्याला या पावडरीची गरज नाही, कारण त्याच्यासाठी दही आणि थंड बाटल्या आहेत. ज्याच्या घरी फ्रिज नाही त्याच्यासाठीच तिला काही अर्थ आहे. आणि आजचा आपला नियम, बाजार आणि संशोधन यांपैकी कोणीही त्या घराला मोजमापाचे ठिकाण मानलेले नाही.

दिल्ली आणि तिच्या भोवतीचा एनसीआर हा या वादासाठी अगदी योग्य प्रदेश आहे. अन्नसुरक्षेचे नियम करणारे एफएसएसएआय इथे, वैद्यकीय संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर इथे. सोनिपतजवळ राई इथे याकुल्टचा कारखाना आहे. त्याच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जिवाणू असल्याचे कंपनी सांगते आणि ती बाटली फ्रिजमध्येच ठेवावी लागते. आता एनसीआरमध्ये मोडणाऱ्या कर्नालला राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आहे. आणि याच महानगराच्या दक्षिण टोकाला संगम विहार आहे.

१. संगम विहारची पुडी

संगम विहार ही दिल्लीतली अफाट वाढलेली अनधिकृत वसाहत. नळ सर्वत्र नाहीत, पाणी बोअरचे किंवा टँकरचे. इथल्या एक ते तीन वर्षांच्या ६२४ मुलांवर सुनील सझावाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना वर्षभर रोज बायफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस एचएन०१९ हे जिवाणू आणि त्यांचे खाद्य असलेली ऑलिगोसॅकराइड साखर मिसळलेले दूध दिले गेले. उरलेल्यांना तसेच दूध, पण या दोन घटकांविना. जिवंत जिवाणू घातलेले दूध गरीब वस्तीतल्या मुलांना दिल्यास काय होते, या प्रश्नाला दिल्लीने दिलेले हे सर्वात थेट उत्तर आहे.

उत्तर असे: आमांशाचे प्रमाण २१ टक्क्यांनी, न्यूमोनियाचे २४ टक्क्यांनी आणि खालच्या श्वसनमार्गाच्या गंभीर संसर्गाचे ३५ टक्क्यांनी कमी. गंभीर आजारपणाचे दिवस १६ टक्क्यांनी कमी. साध्या जुलाबांवर मात्र नाव घेण्याजोगा परिणाम नाही. याच मुलांमध्ये लोहाची कमतरताही घटल्याचे दुसऱ्या एका लेखात नोंदले आहे.

या निष्कर्षांची जाहिरात करणे सोपे आहे. ते नीट वाचणे थोडे कष्टाचे आहे. आमांश, न्यूमोनिया आणि श्वसनसंसर्ग या तिन्ही आकड्यांची संख्याशास्त्रीय खालची मर्यादा शून्याला टेकते, म्हणजे परिणाम जवळपास नसण्याची शक्यताही उरते. जिवाणू आणि साखर एकत्र दिल्यामुळे श्रेय कोणाचे हे सांगता येत नाही. आणि ज्या जुलाबासाठी आई असा डबा विकत घेईल, त्यावरच तो ढिला पडला.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला सर्वांत बोलकी वाटते. या मुलांना रोज मिळणारे जिवाणू १ कोटी ९० लाख होते. भारताच्या २०१६ च्या नियमांत प्रोबायोटिक म्हणून विकायच्या पदार्थाच्या रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत असे म्हटले आहे. पुरावा दाखवला तर कमी संख्येला परवानगी मिळू शकते. म्हणजे दिल्लीच्या मुलांवर काही परिणाम दाखवणारी मात्रा सरकारी उंबरठ्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी होती. जास्त कोटी म्हणजे जास्त गुण हे समीकरण इथेच डळमळते.

२. कारखान्यात नेमके काय होते

म्हशीच्या दुधाची पावडर होऊ शकत नाही, असे एके काळी परदेशी तज्ज्ञ छातीठोकपणे सांगत. आणंदला हरिचंद मेघा दलाया यांनी ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्या कारखान्याचे उद्घाटन झाले. पुढे १९७० साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडमध्ये परदेशातून देणगीदाखल आलेली पावडर आणि बटर ऑइल पाण्यात कालवून दिल्लीसह चार महानगरांना दूध पुरवले गेले. १९७४ ची मदर डेअरी त्याच योजनेतून उभी राहिली. पावडर ही दिल्लीच्या दुधाची जुनी ओळख आहे. तिच्यात जीव ओतायची कल्पना तेवढी नवी.

एक किलो स्किम्ड पावडरीला साय काढलेले साधारण अकरा लिटर दूध लागते. ते निर्वात भांड्यात आटवून निम्मे घन झाले की स्प्रे ड्रायरच्या मनोऱ्यात त्याचा बारीक फवारा करतात. आत येणारी हवा १८० अंशांच्या आसपास तापलेली असते. ऐकताना वाटते की यात कोणी वाचणे शक्यच नाही. पण थेंबातले पाणी उडत असते तोवर ते पाणीच त्याला थंड ठेवते. खरी कसोटी शेवटच्या क्षणी असते: कण सुकत आला की त्याचे तापमान बाहेर पडणाऱ्या हवेइतके, म्हणजे ७० ते ९० अंशांकडे चढते. उष्णतेबरोबर तहानही मारते. पेशीच्या पटलाला धरून ठेवणारे पाणी निघून गेले की पटल फाटते, आणि पाणी परत मिळाल्यावर पेशी गळू लागते.

यावर उपाय आहेत आणि ते माहीत झालेले आहेत. बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान खाली ठेवायचे. मिश्रणात ट्रेहॅलोज साखर घालायची, जी पाण्याच्या जागी बसून पटलाला आधार देते. दुधातली प्रथिने आणि लॅक्टोज स्वतःही बऱ्यापैकी संरक्षण देतात. वाण काटक निवडायचे. एकाच ड्रायरमध्ये एक वाण बहुतांश टिकते आणि त्याचेच भाऊबंद जवळपास सगळे मरतात. किंवा हा सारा जुगार टाळून उद्योग सहसा करतो ते करायचे: जिवाणू वेगळे वाढवून, गोठवून निर्वातात सुकवायचे आणि तयार पावडरीत कोरडेच मिसळायचे. महाग पडते, पण मनोऱ्याची आग टळते.

म्हणून फाटकातून बाहेर पडणाऱ्या पावडरीत भरपूर जिवंत जिवाणू असणे हे आज आश्चर्य नाही. तेवढ्यावर फुशारकी मारणाऱ्याने पुढचे गणित करावे.

३. निम्मे, निम्म्याचे निम्मे

सुकलेले जिवाणू मेलेले नसतात, निद्रिस्त असतात. निद्रेतही ते मरत राहतात, आणि ठरावीक संख्येने नव्हे तर ठरावीक प्रमाणात. इथेच कोटींच्या आकड्याचा भ्रम तयार होतो.

उदाहरणादाखल धरू की पुडीच्या एका मात्रेत ४०० कोटी जिवाणू भरले आणि दर तीन महिन्यांनी त्यांतले निम्मे मरतात. वर्षअखेर २५ कोटी उरतील. नियमाच्या १० कोटींपेक्षा वर, सर्व सुरळीत. आता धरू की साठवण जरा गरम आहे आणि निम्मे मरायला एकच महिना पुरतो. वर्षअखेर उरतील सुमारे ९ लाख ८० हजार, म्हणजे नियमाच्या शंभराव्या भागाहून कमी. कारखानदाराने घाबरून सुरुवातीची संख्या दुप्पट, ८०० कोटी केली, तर त्याने काय कमावले? फक्त एक महिना. तेच पैसे मृत्युदर कमी करण्यावर घातले असते तर वर्ष वाचले असते.

मृत्युदर ठरवणारे घटक तीन: तापमान, ओलावा, हवेतला प्राणवायू. तापमान वाढेल तसा मृत्यूचा वेग झपाट्याने वाढतो. ओलाव्याचे प्रकरण अधिक कपटी आहे. पावडरीतला लॅक्टोज काचेसारख्या घट्ट अवस्थेत असतो आणि जिवाणू त्या काचेत जणू जखडलेले असतात. हवेतली आर्द्रता शोषली गेली की ती काच मऊ पडते, लॅक्टोजचे स्फटिक होऊ लागतात आणि स्फटिक होताना लॅक्टोज आपल्याजवळचे पाणी शेजारच्या कणांवर सोडतो. पावडरीच्या गुठळ्या होतात त्या यामुळेच. गुठळी झालेल्या प्रोबायोटिक पावडरीत जिवंत जिवाणू शोधणे व्यर्थ आहे, मग डब्यावर काहीही छापलेले असो.

दिल्लीचे हवामान यांतल्या पहिल्या दोघांची सोय करते. मे-जूनमध्ये पारा ४०च्या वर, आणि जुलैत पाऊस आला की उष्णता किंचित उतरते पण आर्द्रता चढते. भारतासाठी औषधांचा टिकाऊपणा दीर्घकाळ तपासतात तो ३० अंशांवर. पत्र्याखालची खोली ३० अंशांचे नाव काढल्यास हसेल.

४. पाण्याचा पेच

समजा पुडी घरापर्यंत नीट आली. आता ती पाण्यात कालवायची आहे, आणि इथे असा पेच उभा राहतो की ज्याची चर्चा प्रोबायोटिकच्या जाहिरातीत कधीच होणार नाही.

दूध पावडर निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर आणि साल्मोनेला हे रोगजंतू तिच्यात तग धरून राहू शकतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००७ च्या मार्गदर्शनात तान्ह्या बाळांचे पावडरीचे दूध किमान ७० अंश तापमानाच्या पाण्यात कालवावे असे सांगितले. या तापमानाला क्रोनोबॅक्टर मरतो. आणि आपण पैसे देऊन घेतलेले जिवाणूही मरतात. जिवाणू वाचवायचे तर पाणी कोमट हवे. कोमट पाण्यात बाळाला धोका. दोन्ही सूचना एकाच डब्यावर प्रामाणिकपणे छापता येत नाहीत.

वर्षाच्या पुढच्या मुलांसाठी धोका कमी आहे आणि मार्ग आहे: पाणी उकळून थंड करावे, मग पावडर घालावी. पण हा मार्ग इंधन आणि वेळ असलेल्या घराचा आहे. शिवाय आपल्याकडे दूध गरम पिण्याची सवय हाडीमाशी भिनलेली. पावडरीचे दूध कालवून आई ते एकदा उकळी आणूनच देईल. तिच्या आईने तिला दूध न उकळता कधी दिलेच नाही. ही सवय मूर्खपणाची नाही, उलट तिने कित्येक पिढ्यांना वाचवले आहे. कारखानदाराने बनवलेला पदार्थ या शहाणपणाशी भांडतो, आणि भांडण असेल तर शहाणपण जिंकावे हेच बरे.

तान्ह्यांच्या बाबतीत मी आणखी पुढे जाईन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ साली रुग्णालयातल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याविरुद्ध इशारा दिला, तो एका बाळाचा दिलेल्याच जिवाणूच्या संसर्गाने मृत्यू झाल्यानंतर. आपल्याकडे १९९२ चा कायदा दोन वर्षांखालच्या मुलांच्या दूधपर्यायांची आणि बालान्नाची जाहिरातच करू देत नाही. जिवाणूंच्या नावाखाली त्या कायद्याला कुठेही सैल करू नये. बाळाच्या आतड्यात योग्य जिवाणू पोचवण्याची व्यवस्था आईच्या दुधाने आधीच करून ठेवली आहे.

५. 'प्रोबायोटिक' असा कोणी जिवाणू नाही

२००१ साली अर्जेंटिनातल्या कोर्दोबा इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या बैठकीत केलेली व्याख्या सांगते: पुरेशा प्रमाणात दिल्यास यजमानाच्या आरोग्याला लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. यात लाभ सिद्ध व्हावा लागतो, आणि तो वाणागणिक, मात्रेगणिक, लोकांगणिक सिद्ध व्हावा लागतो. पुरावे हेच सांगतात.

कोलकात्यात झोपडपट्टीतल्या साडेतीन हजारांहून अधिक मुलांपैकी निम्म्यांना बारा आठवडे शिरोटा नावाच्या वाणाचे पेय दिले तर जुलाब १४ टक्क्यांनी घटले. ओडिशातल्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रही यांच्या गटाने साडेचार हजारांवर नवजात बाळांपैकी निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचे एक वाण एका साखरेसोबत आठवडाभर दिले. जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ साली 'नेचर'मध्ये आलेला हा निष्कर्ष थक्क करणारा आहे. आणि पुढच्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्यांत जुलाबाने दवाखान्यात आलेल्या मुलांना, एकीत जगात सर्वाधिक अभ्यासलेले वाण आणि दुसरीत वेगळ्या वाणांचे मिश्रण दिले, तर उपयोग शून्य.

हे विसंगत नाही. ओडिशातली बाळे पूर्ण किंवा जवळपास पूर्ण दिवसांची, आईचे दूध पिणारी, जंतुदोषाच्या छायेत जन्मलेली होती. अमेरिकेतली मुले वेगळ्या आजाराची, वेगळ्या घरांतली. पण यातून एक निष्कर्ष टळत नाही: 'प्रोबायोटिक युक्त' एवढेच सांगणारा डबा 'औषध युक्त' एवढेच लिहिलेल्या बाटलीइतकी माहिती देतो. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत वाणाचे पूर्ण नाव आणि मुदत संपताना उरणारी संख्या लेबलवर असावी असे सांगितलेले आहे. अपेक्षा योग्य होती. तिच्यात फक्त घराचे तापमान धरलेले नव्हते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप तंत्रज्ञांचा: मेलेले जिवाणूही उपयोगी पडतात, मग जिवंत ठेवण्याचा हा खटाटोप कशाला बघायचा? खरे आहे, मृत जिवाणूंनाही लाभ सिद्ध झाल्यास २०२१ पासून शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेगळी मान्यता दिली आहे. तो मार्ग धरायचा तर बिनधास्त धरावा, त्या मृत जिवाणूंवर चाचण्या कराव्यात आणि तसे डब्यावर लिहावे. जिवंत म्हणून विकायचे, घरी पोचेतो मरू द्यायचे आणि मग मेलेलेही चांगलेच असतात असा बचाव करायचा, याला विज्ञान म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्या महाराष्ट्रात हमखास निघेल: मूल्यवर्धनाने दूध उत्पादकाला भाव मिळेल. २०१८ च्या जुलैमधले दूध आंदोलन वाचकांना आठवत असेल. पावडरीचे साठे पडून होते, बाजार कोसळला होता आणि सरकारला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर करावे लागले. अशा वेळी साध्या पावडरीची महाग पावडर करण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण वाढीव किंमत कोणाकडे जाते ते पाहा. संगम विहारच्या दुधातले वाण न्यूझीलंडचे, सोनिपतच्या बाटलीतले जपानचे, बाजारातली इतर नावाजलेली वाणे डेन्मार्क आणि अमेरिकेची. दूध आपले आणि वाण दुसऱ्याचे असेल तोवर गोठ्यापर्यंत फारसे काही झिरपणार नाही. शेतकऱ्यासाठी म्हणून ही पावडर हवी असणाऱ्यांनी आधी कर्नालच्या संस्थेकडे स्वतःच्या वाणांवर मोठ्या चाचण्या मागाव्यात.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गरीब मुलाला जिवाणू कशाला? जस्त द्या, लोह द्या, स्वच्छ पाणी द्या. याला उत्तर देताना मला अर्धी शरणागती पत्करावी लागते. सझावाल यांच्याच गटाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, उत्तर भारतातल्या शहरालगतच्या वस्तीतील चाचणीत ६३३ मुलांपैकी निम्म्यांना जस्त, लोह आणि जीवनसत्त्वे मिसळलेले दूध दिले होते. जुलाब १८ टक्क्यांनी आणि श्वसनमार्गाचा संसर्ग २६ टक्क्यांनी घटला. जस्ताला उन्हाळा मारत नाही, उकळते पाणी मारत नाही, त्याला वाण नसते आणि पेटंटही नसते. जुलाबात जस्त द्यावे यामागचा एक महत्त्वाचा पुरावा दिल्लीतच, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दिला. आणि आजवर लाखो मुलांना जुलाबापासून वाचवणारी पुडी आहे मीठ-साखरेची, जिच्यात सजीव असे काहीच नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी तिचा कस पाहिला. म्हणून क्रम ठरलेला असावा. पाणी, लसीकरण, जस्त, मीठ-साखरेची पुडी, आणि मगच जिवाणू. उरलेली अर्धी शरणागती मी देत नाही, कारण आमांश आणि नवजातांचा जंतुदोष या दोन ठिकाणी जिवाणूंनी जे दाखवले ते जस्ताच्या नावावर जमा नाही.

चौथा आक्षेप घरातून येतो: दही आहे ना? हा आक्षेप दिसतो तितका भाबडा नाही. घरच्या दह्यातली वाणे ठाऊक नसतात, म्हणून शास्त्रीय व्याख्येत ते प्रोबायोटिक ठरत नाही, हे पुस्तकी उत्तर बरोबर आहे. पण गंमत अशी की प्रोबायोटिकचे दावे धडाधड फेटाळणाऱ्या युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एक दावा २०१० मध्ये मान्य केला, तो साध्या योगर्टच्या जिवंत विरजणाचा: त्याने लॅक्टोज पचायला मदत होते. आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने दह्याची थोरवी निराळीच आहे. साठवणीत जिवाणू मरत जातात ही पावडरीची मूळ व्याधी. दह्यात ते स्वयंपाकघरातच वाढतात. चमचाभर विरजण रात्रभरात पातेले भरते. शीतसाखळीची गरज नाही, उलट उन्हाळा मदतीला येतो.

७. सुकवायचे ते विरजण

इथे या साऱ्या युक्तिवादाचे वळण आहे. सुकवण्याचे कौशल्य आपण चुकीच्या वस्तूवर खर्च करतो आहोत. पिण्याच्या पावडरीत जिवाणू घातले तर त्यांची घट भरून निघायला वाव नाही; जेवढे उरले तेवढेच पोटात. तेच सिद्ध वाण सुकवून विरजणाची पुडी केली, तर पुडीतले नव्वद टक्के वाटेत मेले तरी उरलेले दहा टक्के उकळून कोमट केलेल्या दुधात स्वतःची संख्या भरून काढू शकतात. दूध उकळण्याची सवय आता आडवी न येता उपयोगी पडते. पाण्याचा प्रश्नच उरत नाही.

हे कल्पनारंजन नाही. युगांडामध्ये 'योबा' या नावाने असे सुके विरजण छोट्या योगर्ट उत्पादकांपर्यंत पोचवले गेले आहे. त्यात पेटंटची मुदत संपलेले, अमेरिकेत शोधलेले प्रसिद्ध ऱ्हॅम्नोसस वाण वापरले. त्या वाणाला लॅक्टोज पचवता येत नाही, म्हणून एकट्याने त्याचे दही लागत नाही; जोडीला स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस दिला, जो लॅक्टोज फोडतो आणि सोबत्याला जगवतो. मर्यादा आहेत. तेच दही पुन्हा पुन्हा विरजायला वापरले तर काही दिवसांत घरचे रानटी जिवाणू वरचढ होतात, म्हणजे पुडी अधूनमधून नवी लागते. शिवाय अशा दह्यातून नेमके किती जिवाणू पोटात जातात ते दर घरी बदलणार. पण नेहमीच्या पावडरीत तरी ते स्थिर कुठे असतात?

हे काम करायला एनसीआरइतकी तयार जागा देशात दुसरी नसेल. कर्नालकडे दुग्धजिवाणूंचा राष्ट्रीय संग्रह आहे, मदर डेअरीकडे वस्त्यावस्त्यांतले बूथ आहेत, आणि चाचणी कशी करायची हे संगम विहारने एकदा दाखवले आहे.

आणि ज्यांना पिण्याची पावडरच बनवायची आहे त्यांच्यासाठी नियम कडक हवेत. टिकाऊपणाची चाचणी ३० अंशांवर थांबू नये. फ्रिजशिवाय ठेवा असे सांगणाऱ्या उत्पादनाला ४० अंशांवर आणि पावसाळी आर्द्रतेत उरलेली संख्या जाहीर करायला लावावी. मोठ्या डब्यांना या वर्गात परवानगीच नसावी, कारण झाकण रोज उघडणारा डबा दिल्लीच्या जुलैत महिनाभर टिकत नाही. एका मात्रेच्या फॉइलच्या पुड्या हव्यात. लसींच्या कुपीवर १९९६ पासून उष्णतेने रंग बदलणारे छोटे चौकोन येऊ लागले. पोलिओच्या मोहिमेत त्यांनी अशिक्षित म्हणवल्या गेलेल्या कार्यकर्त्यांनाही क्षणात सांगितले की ही कुपी वापरू नका. जिवंत म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीवर तो चौकोन का नसावा? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने रोटाव्हायरसची लस सुकवून उष्णतेत टिकणारी केली. सजीव वस्तू भारतीय उन्हाळ्यासाठी घडवता येते, फक्त उन्हाळा आधी गृहीत धरावा लागतो.

हे नियम येतील तेव्हा येतील. तोवर वाचकाला एवढेच सुचवतो: दुकानात असा डबा हातात घेतलात तर वाणाचे पूर्ण नाव, मुदत संपतानाची संख्या आणि ती कोणत्या तापमानाला मोजली, या तीन गोष्टी शोधा. त्यांतली एकही गाळलेली असेल तर त्या डब्याला साध्या दूध पावडरीच्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका.